जिन्याखालचा काटा

प्रारंभीच क्षमा मागते. मी लेखिका नाही. तीसेक वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवले, आणि त्या काळात माझ्या हातून जे लिहिले गेले ते बहुतेक फळ्यावर. तास संपला की ते पुसलेही जाई. पुसले जाण्याची खात्री असली की माणूस निर्धास्तपणे लिहितो. कागदावर राहील असे काही लिहायला माझा हात अजूनही बिचकतो, आणि साठी उलटल्यावर, जाणत्या वाचकांसमोर हा उद्योग आरंभणे हे माझ्यासारखीला शोभत नाही, हेही मला कळते. तरी लिहिते आहे. कळंबच्या आमच्या जुन्या इमारतीचे मोजमाप मी केले होते, आणि त्या मापात एक माणूस राहून गेला. तेवढे सांगून मी थांबेन.

कळंबच्या जुन्या मोंढ्यात, म्हणजे पूर्वी ज्या रस्त्यावर धान्याचा बाजार भरत असे तिथे, आमची दुमजली इमारत होती. तिथे आम्ही कधी राहिलो नाही. घर मागच्या गल्लीत होते. इमारत धंद्यासाठीच बांधलेली. खाली रस्त्याला लागून पाच गाळे, वर धान्याचे कोठार, त्यावर मातीचे माळवद. दर्शनी भाग काळ्या दगडाचा आणि आतल्या भिंती पांढऱ्या मातीच्या, तीन-तीन फूट जाड. मधोमध वर जाणारा दगडी जिना होता. तोही निम्मा भिंतीच्या जाडीतच घेतलेला. त्या जिन्याखाली, काहीसे भिंतीत आणि काहीसे पायऱ्यांखाली, एक खोबण होती. त्या खोबणीत काटेवाले चाचा बसत.

काटेवाले म्हणजे तराजू आणि वजने दुरुस्त करणारे. त्यांच्याआधी त्यांचे वडील तिथेच बसत. माझ्या आजोबांनी त्यांना ती जागा दिली ती भाड्याने नव्हे. पावती नव्हती, करारही नव्हता. मोंढ्यात धान्य घेणाऱ्या माणसाच्या दारातच काटा तपासणारा बसलेला असला, तर शेतकऱ्याच्या मनात शंका राहत नाही, एवढाच आजोबांचा विचार असावा. आणि जिन्याखालचीच जागा का, याचे कारण मला फार उशिरा, पदार्थविज्ञान शिकून आल्यावर कळले. तराजू तपासायचा तर वारा लागता कामा नये. मोंढ्याच्या त्या उघड्या रस्त्यावर वारा लागत नाही अशी एकच जागा होती, आणि ती भिंतीच्या पोटात होती. वरच्या पायरीच्या दगडात लोखंडी आकडा बसवलेला होता. त्याला काटा लटकावला की तो क्षणभर झुलायचा आणि मग, जणू काही आठवल्यासारखा, स्थिर व्हायचा.

काटा स्थिर होत असताना कुणी बोलायचे नाही, हा तिथला नियम. तोंडातून निघालेल्या वाऱ्यानेही पारडे हलते, असे चाचांचे म्हणणे. कितीही मोठा अडत्या असो, गाडीवरून उतरलेला शेतकरी असो, चाचांनी हात वर केला की सगळे गप्प. रस्त्याने जाणारेही खोबणीपाशी आले की आवाज उतरवत. आमच्या घरात कुणी महत्त्वाच्या वेळी मधेच बोलले, तर आई म्हणायची, "थांब, काटा लागतोय."

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी मोंढ्यातले सगळे व्यापारी आपापले काटे घेऊन जिन्याशी येत. सौदे सुरू होण्याआधी वर्षाची तपासणी व्हायची, आणि तिचा क्रम ठरलेला होता: आधी मालकाचा काटा. इमारत आमची, म्हणून सर्वांदेखत पहिली परीक्षा आमची. वडील पायातल्या वहाणा काढून उभे राहत. मी वरच्या पायरीवर बसून पाहत असे.

एका पाडव्याला आमचा काटा एका बाजूला झुकला. अगदी थोडासा, पण झुकला. आधीच सगळे गप्प होते. आता ती शांतता वेगळी झाली. चाचा तेव्हा तरुण होते, वडिलांच्या जागी नुकतेच बसू लागलेले. त्यांनी वजनाचे पारडे हातात घेतले आणि उलटे केले. खाली, बुडाला, कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर होते, बोटाच्या पेराएवढे. वजनाचे पारडे तेवढे जड, म्हणजे तेवढे धान्य प्रत्येक मापात आमच्याकडे जास्त आलेले. मागे उभ्या असलेल्या कुणीतरी म्हटले, "माशीनं केलं, शेट, तुमी कुठं केलं?" वडील म्हणाले, "माशीचं काम माशीनं केलं. पारडं उलटं करून बघायचं काम माझं होतं." त्या दिवशी त्यांनी खरेदी केली नाही. पुढे महिनाभर माप झाले की ओंजळभर धान्य विकणाऱ्याच्या पोत्यात परत टाकत. कुणाला किती द्यायचे होते हे आता कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून प्रत्येकाला.

मी शिकवायला लागले ती धाराशिवला. शाळेत तराजू होता, पण तो कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली एका बदली होऊन गेलेल्या गुरुजींबरोबर गेली होती. म्हणून दर वर्षी समतोलाचा धडा आला की मी कळंबला जाऊन चाचांकडून सोनाराचा नाजूक काटा मागून आणायची. तो टॉवेलात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. चाचा देताना बजावत, "बाई, खड्डा आला की उचलून धरा. हलला तरी चालंल, आदळला न्हाय पायजे." नोकरी लागल्यापासून ते मला बाई म्हणू लागले. त्याआधी ते मला काय म्हणत, हे आता त्यांनाही आठवत नाही.

मोंढा हलला तेव्हा मी शिकवतच होते. बाजार समितीचे नवे आवार गावाबाहेर झाले, अडते तिकडे गेले, आणि आमच्या रस्त्यावरचा धान्याचा वास हळूहळू ओसरला. त्या जागी कापड आले, चपला आल्या, मग मोबाइल. माझ्या धाकट्या भावाने खते-बियाण्यांचे दुकान घातले. पुढे मोठ्या रस्त्याकडेच्या जागांचे भाव चढले आणि गाव तिकडे सरकणार असे सारे म्हणू लागले. काही वर्षे जुन्या पेठेकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. आणि मग वारे पुन्हा फिरले. दवाखाने, क्लास, बँका यांना बसस्थानकापासून चालत येण्याजोगी जागा हवी होती, आणि ती जुन्या पेठेतच होती. ज्या भिंतींना कुणी विचारत नव्हते, त्यांच्याखालच्या जमिनीसाठी माणसे चहाला येऊ लागली.

इमारत राखायला हवी होती, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. माळवद गळत होते, तुळयांना वाळवी लागली होती, आणि वर कोठारात शिकवणी वर्ग चालत. साठ मुले एकदम उठली की खालच्या गाळ्यांत माती झरायची. भावाच्या दुकानात एकदा बियाण्यांच्या पुड्यांवर इतकी माती पडली की तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "मालक, बी घ्या, माती आमच्याकडून फुकट." तो हे हसून म्हणाला, पण त्या रात्री त्याला झोप लागली नाही, हे त्याने मला फोनवर सांगितले.

लातूरचे एक तरुण बिल्डर आले. तळमजल्यावर सध्याच्या प्रत्येक दुकानदाराला त्याच्या मापाएवढा नवा गाळा, भावाला त्याचा, मला एक. वरचे मजले ते विकणार. बोलणे सरळ होते, माणूसही सरळ वाटला. फक्त जुने माप कुणी करायचे, यावर अडले. बिल्डरच्या मापावर दुकानदारांचा विश्वास नव्हता, आणि दुकानदारांच्या मापावर बिल्डरचा.

"अक्का, तू माप," भाऊ म्हणाला. "तुझ्या मापाला नावं ठेवायची कुणाची छाती आहे?"

मला संकोच वाटला, आणि खरे सांगते, आनंदही झाला. निवृत्त माणसाला कुणी काम सांगितले की होतो तसा.

मी धाराशिवहून पहिल्या गाडीने गेले. पोलादी टेप, वही, दोन पेन्सिली. चाचा जिन्याखालून बाहेर आले आणि म्हणाले, "टेपचं दुसरं टोक मी धरतो बाई. तुमी लिहा." तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढचे असतील, पण हात मुळीच थरथरत नव्हता. दिवसभर त्यांनी टोक धरले आणि मी वाचून लिहिले. मापाची पद्धत मी पुस्तक पाहून पक्की केली होती: चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जमीन. भिंतींची जाडी धरायची नाही, जिना धरायचा नाही. पाच गाळे झाले. शेवटी आम्ही जिन्यापाशी आलो. चाचांनी टेपचे टोक खोबणीच्या कडेला टेकवलेही. मी वहीकडे पाहिले, नियम मनात आठवला, आणि म्हणाले, "इथलं धरायचं नसतं. जिना आहे." त्यांनी टोक सोडले. टेप आपोआप आत सरकत आली.

एवढेच झाले. मला त्यात काही चुकल्यासारखे वाटले नाही. घरी जाऊन मी स्वच्छ अक्षरात तक्ता केला, आणि तो सुबक झाला म्हणून दोनदा पाहिलाही.

बैठक वरच्या कोठारात झाली, मुलांच्या बाकांवर. बिल्डर माझा तक्ता वाचत होते आणि एकेका दुकानदाराला त्याचे माप सांगत होते. भांड्यांच्या दुकानाचे मालक, मोंढ्यातले जुने विनोदी गृहस्थ, आपला आकडा ऐकून म्हणाले, "एवढा मोठा गाळा माझा? मग तीस वर्षांत मला पाय पसरायला जागा का घावली न्हाय?"

"तुमची पातेली पसरली होती ना," भाऊ म्हणाला.

सगळे हसले. वाचन संपले. बिल्डरनी कागदाची घडी घातली. तेव्हा भांडेवालेच म्हणाले, "आणि चाचा? चाचांचं कुठंय?"

बिल्डरनी कागद पुन्हा उघडला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवले. "मॅडमच्या तक्त्यात पाचच आहेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. चाचा दाराशी शेवटच्या बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर ठेवून. भांडेवाल्यांना शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "चाचा, लई वर्षं भिंतीत बसलात. आता हिशेबात भिंतच धरलं तुमाला!"

"तर काय," चाचा हसून म्हणाले. "भिंत पडली की पाल दुसऱ्या भिंतीवर जाती. नकाशात तिला कोण इचारतंय?"

पुन्हा हशा झाला. तेव्हा मी उठायला हवे होते. साठ मुलांपुढे तीस वर्षे बोललेली बाई मी. पण आठ-दहा मोठ्या माणसांसमोर उभे राहून "माझे चुकले" एवढे दोन शब्द बोलायचे, तर जीभ जागची हलेना. लहानपणापासून ही भीती आहे. शाळेत शिकवणे तिच्यावरचा उपाय ठरेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. चहा आला. मी बशीत ओतून घेतला आणि बशीकडे पाहत राहिले. बैठक संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्याखाली गेले. चाचा एका किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा उघडून बसले होते. म्हातारपणी ते तेही शिकले होते. आत साखरेच्या वासाने मुंग्या शिरल्या होत्या, आणि वर काही न ठेवताही काटा आकडे दाखवत होता.

"बघा बाई," ते म्हणाले, "मुंग्यांचं वजन बिलात लावत होता हा."

मी हसले, पण ते हसणे मला साधले नाही. त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि भिंतीवरची चौकट माझ्या हातात दिली. वजनकाटे दुरुस्त करण्याचा त्यांचा सरकारी परवाना. त्यावर पत्ता होता: जिन्याखाली, जुना मोंढा, कळंब.

"वर्षभरात मुदत संपती," ते म्हणाले. "नवा करायचा तर जागेचा कागद लागतो. जागा न्हाय तर लायसन न्हाय. लायसन न्हाय तर काट्याला हात लावायचा न्हाय. मग घरी बसून काय, नातवंडं तोलू?"

"चाचा, त्या दिवशी टेप तुम्हीच धरली होती. मी लिहिलं नाही, ते तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. मला हे विचारावे लागते आहे, याचेच त्यांना नवल वाटले असावे.

"माप चालू असताना बोलत न्हायत, बाई," ते म्हणाले. "तुमाला ठाऊकच हाय."

मला ठाऊक होते. त्या पायरीवर बसून मी तेच शिकले होते. ते गप्प बसले, कारण माप चालू होते. आणि मी समजले की त्यांना सांगण्यासारखे काही नाही. जिथे बोलायचे नाही अशी आम्हा दोघांचीही सवय होती, नेमक्या त्याच जागी ते हरवले.

"तुम्हाला जागा किती लागते?" मी विचारले.

"अडीच हात इकडं, तीन हात तिकडं. तीन बाजूंनी भिंत. पंखा नको. वर एक आकडा. बस्स."

मी त्याच वहीत ते लिहून घेतले. मग टेप काढली आणि त्यांना टोक धरायला सांगितले. या वेळी खोबणीचे माप घेतले. भिंतीतले आणि जिन्याखालचे, दोन्ही.

भावाकडे गेले तेव्हा तो पोती मोजत होता. "अक्का, जिना मोजत नाहीत, हे तूच सांगितलंस ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"चुकलं. नियम बरोबर होता. मी तो लावला चुकीच्या ठिकाणी."

त्याने बिल्डरना फोन लावला आणि माझ्याकडे दिला. बिल्डर नम्रपणे म्हणाले, "मॅडम, आता भिंती सहा इंचांच्या असतात. त्यात माणूस कुठं बसवणार? आणि नव्या जिन्याखाली लाइटचे मीटर येतात. तिथं कुणाला बसवताच येत नाही." यात खोटे काहीच नव्हते. सहा इंचांच्या भिंतीला पोट नसते.

फोन ठेवल्यावर भाऊ वैतागून म्हणाला, "एवढंच असलं तर तुझ्या गाळ्यातून काढून दे."

"देते."

त्याने फोन खिशात टाकला. मग म्हणाला, "अगं, मी रागात बोललो. त्या गाळ्याला एटीएमवाले विचारायला आलेत. मधे भिंत घातलीस तर कोण घेईल?"

"कुणी घेतला नाही तर मी काटे पुसत बसेन."

"अप्पांवर गेलीस," तो म्हणाला. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. हे त्याने कौतुकाने म्हटले की कंटाळून, हे मी विचारले नाही.

त्या आठवड्यात मी संमतीपत्र लिहिले. माझ्या गाळ्याच्या आतल्या कोपऱ्यात अमुक लांबी-रुंदीची जागा वजनकाटे दुरुस्तीसाठी देत आहे, एवढाच मजकूर. पण चार खर्डे झाले. शाळेच्या बाहेर, राहावे म्हणून मी लिहिलेले ते पहिले पान. परवाना देणाऱ्या वजनमापे कार्यालयातल्या साहेबांनी ते ठेवून घेतले. इमारत उभी राहिली की जागा पाहून परवाना नवा करू, असे म्हणाले. म्हणजे मुदत संपण्याआधी ती जागा प्रत्यक्षात दिसायला हवी.

इमारत उतरवायला सुरुवात झाली तेव्हा मी मुद्दाम गेले नाही, आणि तिसऱ्या दिवशी न राहवून गेले. आमच्याकडे जुन्या भिंतींची पांढरी माती शेताला चांगली म्हणून शेतकरी ट्रॉल्या भरून नेतात. रांगच लागली होती. आजोबांनी ज्यांचे धान्य घेतले असेल, त्यांच्या नातवांच्या शेतात आजोबांच्या भिंती पसरल्या जात होत्या. मला याचे दुःख होईल असे वाटले होते. तसे झाले नाही; उलट थोडे बरे वाटले. दुःख झाले ते जिना निघाला तेव्हा. पायऱ्यांचे दगड एकेक करून बाजूला रचले, आणि चाचांची खोबण उघड्यावर आली. भर उन्हात ती इतकी लहान दिसली, की हिच्यात दोन आयुष्ये कशी मावली, याचा मला उलगडा होईना. आतल्या मातीवर पाठ टेकून टेकून एक गुळगुळीत, काळसर ठसा उमटला होता. तेवढी माती कुणाच्या ट्रॉलीत गेली, मला ठाऊक नाही. चाचांनी फक्त आकडा मागून घेतला.

स्लॅब टाकायच्या दिवशी मी सकाळपासून जागेवर होते. माझ्या गाळ्याच्या कोपऱ्यावर, सळयांच्या जाळीत, तो जुना आकडा बांधायचा होता. वायरमन म्हणाला, "बाई, फॅनचा हुक देतो की नवा. हे गंजलेलं कशाला?"

"इथं फॅन नाही लावायचा."

"मग उन्हाळ्यात बसणार कोण इथं?"

"वारा नको असलेला माणूस," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि तोच आकडा जाळीला बांधला. काँक्रीट पडेपर्यंत मी तिथून हलले नाही. आयुष्यात एखाद्या ठिकाणी इतका वेळ नुसती उभी राहिल्याचे मला आठवत नाही.

या दिवाळीत इमारत अर्धवट होती. खांब, वर स्लॅब, भिंती अजून नाहीत. चाचा तोवर स्वतःच्या घराच्या ओसरीवर काम करत होते, पत्रे लावून. पाडव्याला मी सहज म्हणून कळंबला भावाकडे गेले, तर भाऊ अप्पांचा जुना काटा पुसून, मोटारसायकलच्या मागे बांधून निघाला होता. "म्हटलं, नव्या आकड्याला कुणीतरी पहिला लावायला पाहिजे," तो म्हणाला. आम्ही पोचलो तेव्हा इमारतीपाशी भांडेवाले आले होते, आणखी पाच-सहा जुने व्यापारी आले होते. पूर्वी रस्ता भरायचा. आता एका चटईवर सगळे मावले असते.

चाचांनी काटा आकड्याला लावला. आकड्याने तो धरला. पण भिंती नव्हत्या, आणि सकाळचा वारा रस्त्यावरून सरळ आत येत होता. पारडी झुलत राहिली. चाचांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. पण वाऱ्याला कोण गप्प करणार? थोडा वेळ पाहून भांडेवाले पुढे सरकले आणि रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे पाहून बाकीचे आले. खांद्याला खांदा लावून त्यांनी काट्याभोवती गोल धरला. तरी पारडे किंचित हलतच होते.

"बाई," चाचा काट्यावरची नजर न काढता हळूच म्हणाले, "तुमच्या बाजूनं येतंय."

एकच फट उरली होती. मी पुढे झाले आणि त्या फटीत उभी राहिले. इतक्या माणसांच्या मधोमध, सगळ्यांच्या नजरेसमोर.

"आजून पुढं."

मी आणखी सरकले. काटा झुलला, मंदावला, आणि स्थिर झाला. मग चाचांनी, पूर्वीसारखेच, वजनाचे पारडे हातात घेतले, उलटे केले, बुडाला बोट फिरवले, आणि परत लावले.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "मालकाचा झाला. आता दुसऱ्याचा आणा."

त्या संध्याकाळी मी तो सुबक तक्ता पुन्हा काढला आणि पाच ओळींखाली सहावी ओळ लिहिली. कोपऱ्याच्या त्या तीन भिंती येत्या महिन्यात चढतील असे बिल्डर म्हणतात. परवान्याची मुदत अजून आहे; मी रोज बिल्डरना फोन करून भिंतींचे विचारते, आणि फोनवर बोलायलाही मी पूर्वी बिचकत असे. आपल्या बाजूच्या पुष्कळ गावांतल्या पेठा आता अशाच उतरवल्या जात आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझ्यासारखेच, नियमाने, स्वच्छ अक्षरात मोजते आहे. म्हणून, फार बोलले असेन तर पुन्हा क्षमा मागून, एवढेच विचारते: तुमच्या गावच्या पेठेत जिन्याखाली कोण बसते?